खोक्यावर ७२०० डीपीआय, फिल्मवर किती? प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय

आधी निकाल, मग कारणे. घरात दोनशे ते पाचशे ३५ मिलिमीटरच्या स्लाइड आहेत, त्या पुठ्ठ्याच्या किंवा साध्या प्लॅस्टिकच्या माउंटमध्ये (चौकटीत) आहेत, धूळ आणि बुरशी बऱ्यापैकी आहे आणि एका स्लाइडमागे पाच मिनिटे घालवायची तयारी आहे, तर प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म ८२००आय हा फिल्म स्कॅनर खुशाल घ्या. स्लाइड तीन हजार असतील तर घेऊ नका, अर्ध्यावर कंटाळाल. स्लाइड काचेच्या माउंटमध्ये असतील आणि ते माउंट उघडायचे नसतील, तरीही घेऊ नका.

यंत्र लहानसे आहे, दोन विटा एकावर एक ठेवल्या तर जेवढी जागा लागेल तेवढेच. सोबत दोन होल्डर येतात, एक माउंटमधल्या चार स्लाइडचा आणि दुसरा सहा फ्रेमच्या पट्टीचा. होल्डर एका बाजूने आत सारायचा, दुसऱ्या बाजूने तो बाहेर येतो. पुढच्या फ्रेमवर जायला तो हातानेच ढकलावा लागतो, प्रत्येक फ्रेमला ‘टक्’ असा अटकाव लागतो. आपोआप काही सरकत नाही. एसई आणि एआय असे दोन प्रकार मिळतात, पण फरक यंत्रात नसून सोबतच्या सिल्व्हरफास्ट सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि एआयबरोबर रंग जुळवायची आयटी८ स्लाइड येते. शार्पनेस दोन्हींत एकच. त्याच कंपनीचा ८१००ही असाच आहे, फक्त त्यात धूळ ओळखणारा इन्फ्रारेड दिवा नाही. गोव्यातल्या कपाटांतून निघणाऱ्या स्लाइडची अवस्था पाहता तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

७२००चा हिशेब

खोक्यावर ७२०० डीपीआय, म्हणजे इंचाला ७२०० ठिपके, असे लिहिले आहे. फाइलमध्ये तेवढे पिक्सेल मिळतात हे खरे. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, म्हणजे ७२०० वर सुमारे १०,२०० बाय ६,८०० पिक्सेल, जवळजवळ ६९ मेगापिक्सेल. १६ बिट रंगाची टिफ फाइल ४१५ एमबीच्या आसपास जाते. पण पिक्सेल आणि तपशील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भात कितीही मोठ्या पातेल्यात काढला तरी तो वाढत नाही.

खरा तपशील मोजायला यूएसएएफ १९५१ नावाची चाचणीपट्टी वापरतात. तिच्यावर लहान लहान होत जाणाऱ्या तीन-तीन काळ्या रेघांचे गट असतात. ज्या गटातल्या रेघा वेगळ्या दिसतात त्यातला सर्वात बारीक गट शोधायचा. ८२००आयवर हा आकडा साधारण गट ६, घटक १ इथे थांबतो. म्हणजे मिलिमीटरला ६४ रेघजोड्या. एका जोडीला दोन ठिपके लागतात आणि इंचात २५.४ मिलिमीटर असतात, म्हणून ६४ ला २ ने आणि मग २५.४ ने गुणले की सुमारे ३२५० डीपीआय येतात. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. हे ऐकून नाक मुरडायचे कारण नाही, कारण घरगुती फ्लॅटबेड (सपाट काचेचे स्कॅनर) याच्या जवळपासही जात नाहीत. ३२५० डीपीआयमध्ये १२ बाय १८ इंचांचा प्रिंट आरामात निघतो.

गंमत अशी की तो ३२५० हवा असेल तर स्कॅन ७२०० वरच करावा लागतो. ३६०० वर लावले तर यंत्र कमी नमुने घेते आणि वरचा थोडा तपशील गळतो. शिवाय फिल्मचा दाणा आणि नमुने एकमेकांत अडकून दाणा खरा असतो त्याहून खरखरीत दिसतो. म्हणून निवडक स्लाइड ७२०० वर घ्याव्यात आणि नंतर फोटोशॉप, जिंप, जे असेल त्यात निम्म्यावर आणाव्यात. फाइल १०४ एमबीची होते, तपशील जात नाही. बाकीच्या सरधोपट स्लाइड, म्हणजे त्याच बारशाचा आठवा फोटो, सरळ ३६०० वर घ्या.

फोकस हलत नाही

खरी मेख इथे आहे. निकॉनच्या कूलस्कॅनसारख्या जुन्या यंत्रांत लेन्स पुढे-मागे होऊन फिल्मवर फोकस साधायची. ८२००आयमध्ये फोकस कारखान्यातच ठरवून पक्का केलेला आहे. फिल्म त्या एका ठरावीक पातळीवर आली तर शार्प, नाही आली तर सॉफ्ट. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कसलेही बटण नाही.

आणि स्लाइड ही काही सपाट वस्तू नव्हे. फिल्मची जाडी १ मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. पुठ्ठ्याच्या माउंटची जाडी साधारण दीड मिलिमीटर, प्लॅस्टिकच्या माउंटची कंपनीगणिक वेगळी, काचेच्या माउंटची ३ मिलिमीटरच्या घरात. म्हणजे होल्डरमध्ये माउंट बरोबर बसला तरी त्यातली फिल्म नेमकी किती उंचीवर आली हे माउंटवर ठरते. त्यात पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये फिल्म फक्त कडांनी धरलेली असते, मध्ये ती फुगते. प्रोजेक्टरवर अनेकदा फिरलेल्या स्लाइड दिव्याच्या उष्णतेने कायमच्या बाकदार होतात. मध्य आणि कोपरा वेगवेगळ्या उंचीवर. मग देवळाचा सभामंडप रेखीव येतो आणि कोपऱ्यातली दीपमाळ धुकटते, किंवा याच्या उलट.

एकाच डब्यातल्या दहा स्लाइड सुरेख आणि पुढच्या दहा सॉफ्ट येतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पहिल्या दहा एका लॅबच्या माउंटमधल्या, पुढच्या दुसऱ्या. यंत्र तेच आणि सेटिंगही तेच.

सॉफ्टपणा यंत्राचा की मूळ फोटोचा, हे ओळखायची एक पक्की खूण आहे. फोटोतली माणसे पाहू नका, फिल्मचा दाणा पाहा. फाइल १०० टक्क्यांवर उघडा आणि आकाशाचा किंवा चुन्याच्या भिंतीचा सपाट भाग शोधा. दाणा स्वच्छ, टोकदार आणि माणूस पुसट, तर फोटो काढणाऱ्याचा हात हलला होता. स्कॅनर बदलून तो हात स्थिर होणार नाही. दाणाही लोण्यासारखा विरघळलेला, तर फिल्म फोकसमध्ये नाही. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) २५ किंवा ६४ असेल तर दाणा इतका बारीक असतो की या यंत्राला तो धड दिसत नाही. तिथे इमल्शनवरचा, म्हणजे चित्र असलेल्या थरावरचा, एखादा ओरखडा शोधून त्याची कड पाहावी. धूळ पाहून ठरवू नका, कारण धूळ चकचकीत बाजूवर बसलेली असेल तर ती प्रतिमेपेक्षा फिल्मच्या जाडीएवढी दूर असते.

ही तपासणी पाच ठिकाणी करायची, मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत. पूर्ण फ्रेम ७२०० वर घेत बसू नका. नखाएवढे पाच तुकडे निवडून तेवढेच स्कॅन करा.

कागदाच्या पट्ट्या

उपाय स्वस्त आहे. स्लाइड होल्डरमध्ये ठेवताना माउंटच्या दोन विरुद्ध कडांखाली साध्या ८० जीएसएम कागदाच्या ३-४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या घालायच्या. या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. आधी एक पट्टी, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक वेळी ते पाच तुकडे स्कॅन करून शेजारीशेजारी लावायचे. साधारण दोन-तीन पट्ट्यांतच चित्र सुधारते की बिघडते हे कळते. बिघडत असेल तर फिल्म आधीच उंच होती, तिला खाली आणायला हवे. अशा वेळी स्लाइड उलटी ठेवा. माउंटमध्ये फिल्म बरोबर मधोमध क्वचितच असते आणि तिचा फुगवटाही एकाच अंगाला असतो, त्यामुळे स्लाइड उलटली की तिची पातळी बदलते. चित्र आरशातल्यासारखे उलटे येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये सुलटे करता येते. मंद, किंचित उठावदार दिसणारी बाजू इमल्शनची आणि चकचकीत ती पाठीची, एवढे लक्षात असले की गोंधळ होत नाही.

पट्ट्या चिकटवायला सेलोटेप वापरू नका. आपल्या उकाड्यात त्याचा गोंद पाझरतो आणि होल्डर आतल्या रुळांवर अडतो. पट्ट्या नुसत्या ठेवल्या तरी माउंटच्या दाबाने बसतात. पट्ट्या घातल्यावर होल्डर जड जाऊ लागला तर जोर करू नका, बाहेर काढा.

एका प्रकारच्या माउंटसाठी पट्ट्यांचा आकडा एकदा सापडला की त्या प्रकारच्या सगळ्या स्लाइडना तोच चालतो. म्हणून स्कॅन सुरू करण्यापूर्वी स्लाइड तारखेप्रमाणे न लावता माउंटप्रमाणे लावाव्यात. तारीख फाइलच्या नावात घालता येते.

पट्ट्यांनी मध्य जमतो आणि कोपरे जमत नाहीत, अशा बाकदार स्लाइड उरतातच. त्यांना एकच उपाय, माउंटमधून फिल्म बाहेर काढायची. पुठ्ठ्याच्या माउंटची एक कड धारदार ब्लेडने उकलायची, पाते फिल्मपासून लांब ठेवून. प्लॅस्टिकचा माउंट दोन पाकळ्यांचा असेल तर नखाने उघडतो. निघालेली फ्रेम पट्टीच्या होल्डरमध्ये ठेवायची, तिथे ती चारही बाजूंनी दबते आणि यंत्राला अपेक्षित त्या पातळीवर बसते. हातात सुती मोजे हवेत. नवा प्लॅस्टिकचा माउंट आधीच आणून ठेवा, नाहीतर सुटी फ्रेम टेबलावरून उडून पंख्याखाली कुठे जाईल सांगता येत नाही. जुन्या पुठ्ठ्यावर कोणी पेनाने ‘फोंडा, चवथ ७४’ असे लिहिले असेल तर तो पुठ्ठा टाकू नका. फोटो काढणाऱ्याच्या हातची तेवढीच नोंद उरलेली असते.

काचेच्या माउंटची गोष्ट वेगळी. दोन काचांमध्ये फिल्म सपाट राहते, म्हणून ते घरी आणले गेले. पण फिल्म काचेला जवळजवळ टेकते तिथे इंद्रधनुषी वलये उठतात. यांना न्यूटनची वलये म्हणतात, ती स्कॅनमध्ये येतात आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाहीत. हवा दमट असली की ती वाढतात. त्यातून आत एकदा ओल शिरली की ती बाहेर पडत नाही आणि बुरशीला आयते घर मिळते. गोव्यात काचेचे माउंट उघडूनच स्कॅन करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मापाबद्दल एक सूचना. ५० बाय ५० मिलिमीटरच्या माउंटमध्ये दरवेळी ३५ मिलिमीटरची फ्रेम असतेच असे नाही. इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याच्या १२६ फिल्मची फ्रेम चौकोनी असते, २८ मिलिमीटरच्या घरात. ८२००आयची खिडकी उंचीला त्याहून कमी आहे, त्यामुळे चौकोनी स्लाइडच्या कडा कापल्या जातात. उभ्या फोटोची स्लाइड होल्डरमध्ये आडवीच ठेवावी, चित्र नंतर फिरवता येते.

बुरशी, धूळ आणि इन्फ्रारेड

या किनारपट्टीवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. फिल्मवरचा इमल्शनचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीला खाऊच. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. भिंगाखाली पाहिले तर कोळिष्टकासारखे धागे एका ठिपक्यापासून सगळीकडे पसरलेले दिसतात, विशेषतः आकाशाच्या मोकळ्या भागात.

पाण्याने पुसायचे नाही. हे दोनदा लिहिले तरी कमी. बुरशीने जिलेटिन खाल्लेले असते, ते पाण्यात विरघळू शकते आणि पुसताना त्या जागचे चित्रच कापडावर येते. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रश. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात. बुरशी वरवरची असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणाऱ्या कापडावर दोन-तीन थेंब, दाब न देता एकाच दिशेने एकदा. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे नको, त्यातले बाकीचे पाणीच असते. प्रत्येक स्लाइडला कापडाचा नवा कोपरा. आधी बिनमहत्त्वाच्या एका स्लाइडवर करून पाहा. बुरशी खोल गेली असेल तर थांबा, पुसण्यापेक्षा स्कॅन करून पडद्यावर दुरुस्ती करणे बरे.

आता इन्फ्रारेड. रंगीत स्लाइडमधले रंग इन्फ्रारेड किरण अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. म्हणून यंत्र दुसऱ्या फेरीत नुसता धुळीचा नकाशा काढते आणि सिल्व्हरफास्टमधले आयएसआरडी हे धूळ काढायचे साधन त्या जागा आजूबाजूच्या रंगाने भरते. वेळ साधारण दुप्पट लागतो. एक्टाक्रोम, फुजीक्रोम अशा ई-६ या डेव्हलपिंग पद्धतीच्या स्लाइडवर हे झकास चालते. पण जोर जास्त लावला तर शार्पनेस जातो, कारण ‘भरलेल्या’ जागी खरा तपशील नसतो. आपोआप ठरवलेला जोर बहुतेक वेळा जास्तच असतो. तो कमी करत जा, चित्राच्या सर्वात बारीक भागावर नजर ठेवून. चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या आराशीचा, फोटो असेल तर सुपारीची शिपटी आणि आंबाडे पाहा. बारीक देठ तुटक दिसू लागले की जोर जास्त झाला. खोल बुरशीचे जाळे मात्र हे पूर्ण काढू शकत नाही. जिथे जिलेटिनच खाल्ले गेले आहे तिथे भरायला आधार नसतो.

कोडाक्रोमवर हाच उपाय उलटतो. तिची रचना वेगळी, गडद भाग इन्फ्रारेडलाही अडवतो, आणि सॉफ्टवेअर काळ्या केसांना आणि सावल्यांना धूळ समजून खरवडते. कृष्णधवल चांदीच्या फिल्मवर तर इन्फ्रारेड चालतच नाही. कोडाक्रोम ओळखायला माउंटवरचे नाव पाहा. माउंट बदललेला असेल तर स्लाइड तिरप्या उजेडात धरा. इमल्शनच्या बाजूला चित्र कोरल्यासारखे उठून दिसले तर ती बहुधा कोडाक्रोम. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्या माणसांनी आणलेल्या डब्यांत ती सापडते. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग अजून ताजे असतात, तर त्याच काळातली जुनी एक्टाक्रोम लालसर झालेली असते. कोडाक्रोम बनवणे २००९ मध्ये बंद झाले. तिच्यासाठी इन्फ्रारेड बंद आणि ब्लोअर चालू, इतके सोपे.

सॉफ्टवेअरमध्ये काय बंद करायचे

सिल्व्हरफास्टचा पडदा पहिल्यांदा उघडला की बटणांची जत्रा दिसते. शार्पनेससाठी त्यातले दोनच विषय महत्त्वाचे आहेत. पहिला, अनशार्प मास्क बंद. स्कॅनच्या वेळी लावलेले शार्पनिंग फाइलमध्ये कायमचे बसते, दाण्याला काटे फुटतात आणि फोकस चुकलेला असला तरी तो लपतो. शार्पनिंग अगदी शेवटी, अंतिम आकारावर आणल्यानंतर, ०.८ ते १.२ पिक्सेल त्रिज्येने करायचे.

दुसरा, मल्टी-एक्स्पोजर. यात यंत्र तीच फ्रेम दुसऱ्यांदा जास्त उजेडात घेते आणि दोन्ही चित्रे जोडते, म्हणजे सावलीतला तपशील खुलतो. चांगली सोय आहे, पण दोन फेऱ्यांत होल्डर किंचित जरी हलला तर चित्रे अर्ध्या पिक्सेलने सरकतात आणि सगळी फ्रेम सॉफ्ट होते. लोक याचा दोष फोकसला देतात. एकदा ते चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून स्कॅन करा, फरक दिसला तर फक्त गडद स्लाइडसाठीच चालू ठेवा. स्कॅनर हलत्या टेबलावर नको. वॉशिंग मशीन ज्या भिंतीला लागून आहे त्या भिंतीपाशी तर नकोच.

सिल्व्हरफास्ट पचनी पडत नसेल तर व्ह्यूस्कॅन पाहा. तेही पैसे देऊनच घ्यायचे, पण त्यात रंग आणि इन्फ्रारेड दोन्ही एकाच ६४ बिट कच्च्या फाइलमध्ये ठेवता येतात. स्लाइड एकदा नीट बसवून कच्ची फाइल काढली की धुळीचा जोर, रंग, उजेड हे सगळे नंतर सावकाश ठरवता येते, स्लाइडला पुन्हा हात लावावा लागत नाही. बुरशीने ठिसूळ झालेल्या फिल्मसाठी हा मोठाच फायदा.

फ्लॅटबेड आणि कॅमेरा

एप्सनचा परफेक्शन व्ही६०० अनेकांकडे आधीच असतो. त्याच्यावर ६४०० डीपीआय लिहिलेले असले तरी चाचणीपट्टीवर तो दीड हजाराच्या आसपास थांबतो. फोनवर पाठवायला आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पुरे. १२० फिल्मच्या मोठ्या स्लाइड त्यात जातात, ८२००आयमध्ये जात नाहीत, ही त्याची जमेची बाजू. व्ही८५० त्याच्यापेक्षा बराच सरस, सुमारे २३०० पर्यंत जातो, त्याच्या होल्डरची उंची बदलता येते आणि एका वेळी १२ स्लाइड बसतात. तरीही ३५ मिलिमीटरच्या तपशिलात तो ८२००आयच्या मागेच.

फरक पाहायचा तर मांडवीवरच्या जुन्या पुलाची एखादी स्लाइड घ्या, जो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. दूरवरच्या कठड्याचे गज व्ही६०० वर एक राखाडी पट्टा होतात. ८२००आयवर, फिल्म बरोबर पातळीवर बसली तर, गज मोजता येतात. मूळ फोटो तेवढा शार्प असावा लागतो हे ओघाने आलेच.

ऑनलाइन मिळणारे छोटे, पडदा असलेले स्लाइड कन्व्हर्टर म्हणजे एका डब्यात बसवलेला लहान कॅमेरा. २२ मेगापिक्सेल लिहिलेले असते, त्यातले बरेचसे पिक्सेल फुगवलेले. स्लाइडमध्ये काय आहे एवढे बघायला ठीक.

तीन हजार स्लाइडवाल्यांसाठी मार्ग कॅमेऱ्याचा. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स, खाली पांढऱ्या एलईडीचा दिवा. पूर्ण फ्रेम भरली तर सुमारे ४२०० डीपीआय होतात आणि कॅमेऱ्याचा फोकस तर हवा तसा हलवता येतो. हात बसला की तासाला शंभर स्लाइड सहज होतात. यात चुकते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे कॅमेरा आणि स्लाइड समांतर नसणे. त्यासाठी स्लाइडच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये पाहा. आरशात लेन्सचे स्वतःचेच वर्तुळ दिसते. ते चौकटीच्या बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा. मधोमध आले की कॅमेरा सरळ आहे. पाणसळीपेक्षा (स्पिरिट लेव्हलपेक्षा) ही युक्ती अचूक. दुसरे म्हणजे लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर). १:१ वर एफ/८ हा प्रत्यक्षात एफ/१६ सारखा वागतो, त्यामुळे एफ/११, एफ/१६ लावले की विवर्तनाने सगळेच सॉफ्ट होते. एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा, फोकस १० पट मोठे करून दाण्यावर करा, आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर. बाकदार स्लाइडवर फोकस मध्यावर न करता मध्य आणि कोपरा यांच्या साधारण अर्ध्यावर करायचा, म्हणजे चूक दोन्हीकडे वाटली जाते. दिव्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर हवा, स्लाइड दिव्यापासून ५ ते १० सेंटिमीटर वर, आणि स्लाइडभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाकलेला. टॅबलेटच्या पडद्यावर स्लाइड ठेवून काम होत नाही, पडद्याचे ठिपके उमटतात.

मग ८२००आय कशाला? इन्फ्रारेडसाठी. कॅमेऱ्याला धुळीचा नकाशा काढता येत नाही. बुरशीच्या ठिपक्यांनी भरलेली एक स्लाइड हाताने पडद्यावर साफ करायला अर्धा तास जातो. पणजी-मडगावच्या बऱ्याच डब्यांत अशाच स्लाइड जास्त असतात, हे धरून आम्ही ८२००आयच्या बाजूने आहोत. डबा कोरडा राहिलेला असेल तर कॅमेरा बरा.

बाहेर द्यायच्या असतील तर

स्टुडिओत ‘हाय रेझोल्यूशन’ असे उत्तर मिळाले तर ते उत्तर नाही. यंत्राचे नाव विचारा. फ्लॅटबेड आहे की फिल्म स्कॅनर, की कॅमेरा? टिफ देणार की जेपीईजी? शार्पनिंग बंद ठेवणार का? कोडाक्रोमवर इन्फ्रारेड लावणार का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस जरा थबकून उलट प्रश्न विचारू लागला तर काम जाणणारा आहे असे समजा. सगळा डबा एकदम देऊ नका. तीन स्लाइड द्या, एक सपाट प्लॅस्टिकची, एक बाकदार पुठ्ठ्याची, एक बुरशीची, आणि फाइल आल्यावर पाच ठिकाणी दाणा पाहा. तिन्ही बऱ्या आल्या तर पुढचे द्या.

पावसाळ्यात यंत्र

८२००आयच्या आत आरसा आणि लेन्स आहेत, त्यांना उघडून पुसायची सोय घरात नाही. त्यावर ओलीचा पापुद्रा धरला की उजळ कडांभोवती धुक्यासारखी झाक येते. पांढऱ्या चर्चच्या निळ्या आकाशाशी लागलेल्या कडेवर ती सर्वात आधी दिसते. काम झाले की यंत्र जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. जेलचा रंग बदलला, म्हणजे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले, की १२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये, मग पुन्हा वापरा. एसीच्या खोलीतून थंड यंत्र किंवा स्लाइड पडवीत आणल्या तर त्यांच्यावर लगेच दव धरते. बंद पिशवीतच दोन तास राहू द्या, बाहेरच्या उबेला येऊ द्या, मग उघडा. आर्द्रता बदलली की जिलेटिन फुगते किंवा आकसते आणि फिल्मचा बाकही बदलतो, म्हणजे मे महिन्यात सापडलेला कागदी पट्ट्यांचा आकडा जुलैत जुळेलच असे नाही. हे काम नोव्हेंबर ते मार्च करावे.

स्कॅन झालेल्या स्लाइड पीव्हीसीच्या पिशव्यांत ठेवू नका, तो प्लॅस्टिक घाम सोडतो आणि इमल्शनला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनची पाने घ्या. ती हवाबंद डब्यात, डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. डबा बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीला लागून ठेवायचा नाही.